पाहुण्यांच्या खोलीत कापूस

चैत्र-वैशाख हे खानदेशातल्या घराचे भरणीचे महिने. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, खळ्यावरून घरात आलेली असते, गहू-हरभरा निघालेला असतो, तुरीची डाळ करून झालेली असते, मिरच्या वाळत असतात. २०२० साली २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देश बंद झाला तेव्हा आमच्या घरात खाण्यापिण्याच्या कशाचीच चणचण नव्हती. टीव्हीवर पुण्या-मुंबईच्या दुकानांपुढच्या रांगा दिसत होत्या आणि माय कोठीतल्या धान्यात कडुनिंबाचा पाला घालत होती. माय म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूलाही माय म्हणतात आणि एकेरीतच हाक मारतात.

टाळेबंदीतल्या घरांबद्दल गेल्या काही वर्षांत बरंच वाचलं. त्यातलं घर बहुतेक वेळा शहरातलं असतं. दोन खोल्या, एक लॅपटॉप, बाल्कनी, आणि इतक्या दिवसांनी एकमेकांना भेटलेली नवरा-बायको-मुलं. ते खोटं नाही. पण अमळनेर तालुक्यातल्या, सुरत-भुसावळ रेल्वेलाइनीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या गावातली टाळेबंदी तशी नव्हती, आणि ती कुणी लिहिलेली मला सापडली नाही. आम्ही एरवीही एकत्रच राहत होतो. एकमेकांसाठी वेळ मिळाला, हे आम्हाला म्हणताच आलं नसतं. आमच्या घरात त्या दिवसांत जे थांबलं ते निराळंच होतं.

घरात नाना म्हणजे सासरे, माय, आम्ही दोघं आणि दोन मुलं. पाडव्याच्या आधी पुण्याहून दीर, जाऊबाई आणि त्यांची छोटी आली. गावाने तोवर वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला होता. बाहेरून आलेल्याने चौदा दिवस वेगळं राहायचं, असं ठरलं होतं. ते तिघं खळ्यातल्या खोलीत राहिले. आशाताई रोज दारापासून लांब उभ्या राहून ताप, खोकला विचारून वहीत लिहून न्यायच्या. माय दुपारी भाकरीचं फडकं खळ्याच्या भिंतीवर ठेवून मागे सरायची आणि दीर ते उचलायचे. स्वतःच्या मुलाला असं जेवायला घालताना तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. नात मात्र भिंतीपलीकडून ओरडून सगळं सांगायची : काल काय खाल्लं, कुत्रीला किती पिल्लं झाली, आई रात्री कशाला घाबरली.

थोरली मुलगी त्या वर्षी दहावीला होती. सगळे पेपर झाले, भूगोलाचा तेवढा राहिला. तो २३ मार्चला होता, पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवर भूगोलाचे गुण मिळणार, असं जाहीर झालं. तिने तापी खोरं, सातपुडा, काळी मृदा सगळं तोंडपाठ केलं होतं. तिला फार लागलं ते. मोठ्यांना वाटतं, पेपर टळला तर पोर खूश होईल. ही दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

आता वाळवणाचं सांगते, कारण काय थांबलं याची पहिली चुणूक तिथेच लागली.

कुरडयांना गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात. मग वाटून, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि भल्या पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवायचा. चीक हटवताना हात थांबला की गुठळी झालीच. उन्हं वर यायच्या आत सोऱ्याने सगळ्या कुरडया खाटेवरच्या साडीवर पडल्या पाहिजेत. बिबड्यांचं काम याहून किचकट. दादर भिजवायची, कांडून तिच्या कण्या शिजवायच्या, त्यात लसूण, तिखट, तीळ घालायचे आणि ओल्या धोतरावर हाताने थापायचं. संध्याकाळी धोतर उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवला की बिबडी सुटते. पोरं ती अर्धी ओली असतानाच खातात आणि मायही दरवर्षी त्यांच्या वाटच्या जास्तीच्या थापते.

हे काम एका घराचं नसतंच. आज आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, उद्या समोरच्या काकूंच्या, परवा शिंपीणबाईंच्या. उडदाच्या पापडांना तर गल्लीतली प्रत्येक बाई आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येते. पीठ कुटून तयार असतं, लाट्या झालेल्या असतात, आणि दुपारभर लाटण्यांच्या आवाजात गावातलं सगळं बोललं जातं. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या पोराचं लग्न का मोडलं, कुणाला गाठ आली आहे आणि ती दाखवायला घाबरते आहे. समोरच्या काकूंच्या छातीतली गाठ अशाच एका पापडाच्या दुपारी मायला कळली होती आणि ती त्यांना दुसऱ्या दिवशी धुळ्याला घेऊन गेली होती. काकू आज धडधाकट आहेत. त्यामुळे पापडाच्या दुपारीला कुणी नुसत्या गप्पा म्हटलं की मला राग येतो.

त्या वर्षी कुणी येणार नव्हतं. पीठ कुटून माय बसून राहिली. मग हे आले, दीर आले (चौदा दिवस संपले होते), मुलगी, जाऊबाई, मी. पुरुषांनी पापड लाटले. माझ्या लग्नानंतर मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि मनापासून आनंद झाला. हे नेमाने, गोल लाटतात. दिरांचे कडेला जाड राहायचे, तरी त्यांनी शेवटची लाटी संपेपर्यंत बैठक सोडली नाही. तेव्हापासून आमच्या घरात पापड म्हणजे बायकांचं काम, असं राहिलेलं नाही. टाळेबंदीने आम्हाला दिलेल्या चांगल्या गोष्टींत ही मी सर्वांत वर ठेवते.

पण त्या दुपारी बोलणं झालं नाही. घरातली माणसं घरातल्या माणसांशी काय बोलणार? सकाळपासून तेच चेहरे. मायने दोन-तीनदा समोरच्या धाब्याकडे पाहिलं. काकू एकट्याच पापड वाळत घालत होत्या. मायने हाक मारली, काकूंनी हात केला, आणि मधल्या रस्त्यावरून मोठ्याने ओरडण्यासारखं दोघींकडे काही नव्हतं. अशा गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

आमच्या घरात ओसरीला लागून पाहुण्यांची खोली आहे. नानांच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा सगळ्यात हवेशीर खोली त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवली, पूर्व-पश्चिम खिडक्यांची. घरच्यांच्या खोल्या मागे, अंधाऱ्या. तिला वेगळं दार आहे, म्हणजे रात्री उशिराच्या गाडीने आलेल्या माणसाला घर उठवावं लागू नये. माझी नणंद, आमची ताई, सुरतेहून आली की मुलींना घेऊन याच खोलीत उतरते.

२०२० च्या मार्चमध्ये ती खोली कापसाने भरलेली होती, छताला दोन हात उरतील इतकी. भाव वाढेल म्हणून नानांनी शेवटच्या वेच्यांचा माल ठेवला होता. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. टाळेबंदी लागली आणि सरकारी खरेदी थांबली, जिनिंग थांबल्या. एप्रिलअखेर खरेदी हळूहळू सुरू झाली ती नोंदणी करून, रोज थोड्याच गाड्या घेऊन. मधल्या काळात खेडा खरेदीवाले, म्हणजे गावोगाव फिरून माल घेणारे व्यापारी, यायचे आणि हजार-बाराशेने कमी भाव सांगायचे. पैशाची नड असलेल्यांनी दिला. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला सगळा कापूस तसा देऊन टाकला आणि लग्नही पुढे गेलं.

घरात कापूस ठेवून राहणं ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही. उन्हाळा चढला की त्यातले किडे बाहेर पडतात. अंगावर बारीक पुरळ, रात्रभर खाज. धाकट्याच्या पाठीला माय कडुनिंबाच्या पाण्याने पुसायची. ओसरीवर चूल नाही, उदबत्ती नाही, बिडी तर नाहीच. ५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता, नऊ मिनिटं, सगळ्यांनी दिवे लावायचे होते. नानांनी दिवा फक्त मागच्या अंगणातल्या तुळशीपाशी लावू दिला. ती नऊ मिनिटं ते स्वतः पाण्याची बादली घेऊन कापसाच्या खोलीच्या दाराशी उभे होते. कुणाच्या तरी फटाक्याची ठिणगी येईल, ही त्यांची भीती.

त्या खोलीकडे पाहून माय रोज एकच हिशेब करायची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला. त्याआधी कापूस गेला पाहिजे, खोली झाडून-सारवून झाली पाहिजे, ताई येणार. ती येणार नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी तिने हिशेब सोडला नाही.

रेल्वेचं सांगितलं पाहिजे. लाइनीजवळ राहणाऱ्यांना घड्याळ लागत नाही. पहाटेची गाडी गेली की माय उठते, दुपारच्या पॅसेंजरला मुलांचं जेवण, रात्रीच्या एक्सप्रेसला नानांची गोळी. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या थांबल्या. मालगाड्या जात होत्या, पण त्यांना वेळ नसते. सुरुवातीला माय रोज उशिरा उठायची आणि उठून घाबरायची. नंतर तिने उशाशी मोबाइल ठेवायला सुरुवात केली.

ही लाइन म्हणजे आमच्यासाठी सुरत. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर आणि पुढे गुजरात. खानदेशातल्या किती घरांचं माणूस सुरतेला आहे, हे कुठल्याही गावात विचारा. कापड बाजार, यंत्रमाग, हिऱ्याचे कारखाने. सुरतेच्या उधन्यात, लिंबायतमध्ये गल्लीच्या गल्ल्या अहिराणी बोलतात. ताईचे यजमान साडीच्या दुकानात हिशेब ठेवतात. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या बाकड्याच्या मधोमध हद्द आहे. ताई लहान असताना नाना तिला मुद्दाम खाली उतरवून त्या बाकड्यावर बसवायचे, एक पाय इकडे, एक तिकडे. तेव्हा ती गंमत होती. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याच हद्दीवर पोलिसांची चौकी होती, पासाशिवाय माणूस इकडचं तिकडे होत नव्हतं, आणि नकाशावरची ती रेघ आम्हाला पहिल्यांदा खरी वाटली.

ताईच्या यजमानांचं दुकान बंद होतं, पगार अर्धा. फोनवर ती काहीच सांगायची नाही. माय विचारायची, “कव्हय येशी वं माय?” ती म्हणायची, गाड्या सुरू झाल्या की लगेच. मग दोघी स्वयंपाकावर बोलायच्या. मी एकदा जाऊबाईंना म्हटलं, ताई डाळीचं नाव घेत नाही हल्ली, रोज बटाटाच करते आहे. त्यावरून हे समजले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या खात्यात पैसे घातले. ताई समोर बसली असती तर तिचा चेहरा पाहून पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं. फोनवर कळायला तीन आठवडे लागले.

मीही कुणाची तरी लेक आहे. माझं माहेर बेटावदला, याच लाइनीवर, गाडीने अमळनेरहून घटकेचा रस्ता. पण ते धुळे जिल्ह्यात आणि आम्ही जळगाव जिल्ह्यात. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास, आणि आखाजीला माहेरी जायचंय हे कारण पासाच्या अर्जात बसत नाही. सुरतच्या ताईची वाट पाहणाऱ्या घरात बसून बेटावदला आई माझी वाट पाहत असेल, हे मी त्या महिन्यात कुणाला बोलले नाही. मायने मात्र एका सकाळी आपण होऊन माझ्या आईला फोन लावला आणि दोघी विहिणी चांगला तासभर बोलल्या. काय बोलल्या, मला दोघींनीही सांगितलं नाही.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी आखाजीबद्दल थोडं. अक्षय्य तृतीया इतर ठिकाणी सोनं घ्यायचा मुहूर्त असेल. आमच्याकडे तो सासुरवाशिणीचा सण आहे, दिवाळीइतकाच मोठा. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जातो. कडुनिंबाला झोके बांधतात, लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, गौराई मांडतात, आणि लेकीला त्या दिवसांत कुणी काम सांगत नाही. वर्षातले तेवढेच दिवस तिला उशिरापर्यंत झोपता येतं. त्याच दिवशी पितरांचीही घागर भरतात. पाण्याने भरलेली नवी घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. उंबरठा ओवाळायचा आणि एकेका पूर्वजाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. म्हणजे गेलेले आणि दिलेली, दोघंही एकाच दिवशी घरी येतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतात राबणाऱ्या गड्याचं, वर्षही आखाजीला संपतं. हिशेब होतो, नवा साल ठरतो.

त्या आखाजीला पितर आले, लेकी आल्या नाहीत.

मायने खापर चुलीवर पालथं घातलं, पुरण केलं, रशी केली, आमरस केला. हातांवर फिरवत फिरवत मोठी पोळी करून खापरावर टाकताना ती कधी चुकत नाही. त्या दिवशीही चुकली नाही. पंगतीला आम्ही घरचेच. गावातून पितर म्हणून जेवायला बोलावतात तो माणूस कुणाकडेच गेला नाही, सगळ्यांनी गाईला पान ठेवलं. जेवताना नाना म्हणाले, पोळी छान झाली. माय म्हणाली, “आंडेर नही ते आखाजी कसानी?” लेक नाही तर आखाजी कसली, असं म्हणून ती आत निघून गेली. जाऊबाई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आम्ही दोघीही कुणाच्या तरी आंडेरीच होतो, आणि दोघींनाही आमच्या आयांचं तेच वाक्य ऐकू आलं.

दुपारी मुलीने झोका बांधायला लावला. एकटीने कशाला, असं कुणीतरी म्हणालं. ती म्हणाली, एकटी कुठे, दोन आया आहेत ना. मग आम्ही दोघी जावा भर उन्हात त्या झोक्यावर बसलो. सासरच्या अंगणातल्या झोक्यावर सुनेने बसायची रीत नाही. मायने ओसरीवरून पाहिलं आणि झोका द्यायला स्वतः आली. हे मी विसरू शकत नाही.

आमच्या सालदाराचा हिशेब त्या दिवशी झाला तो उधारीवर. कापूस घरात, पैसा नाही. नानांनी दादर आणि गहू दिले, बाकी रक्कम वहीत मांडली. तो पावरा आदिवासी आहे, सातपुड्यातला. त्याला आपल्या पाड्यावर जायचं होतं आणि वाहन नव्हतं. तो बायको-मुलांसह चालत निघाला. ह्यांनी मोटारसायकलवर दोन खेपा करून त्यांना जमेल तिथपर्यंत सोडलं. त्याच दिवसांत धुळ्याकडच्या मुंबई-आग्रा रस्त्यावर माणसांची रीघ लागलेली होती, उत्तरेकडे चालणाऱ्या. आमच्या गावातून भाकरी-ठेचा बांधून टेम्पो जायचा. मायच्या कोठीतली दादर त्या महिन्यात झपाट्याने उतरली आणि तिने एकदाही मोजली नाही. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून निघाले होते, भुसावळला पोचून गाडी पकडायला. बातमीत भुसावळचं नाव ऐकून नानांनी टीव्ही बंद केला. त्यांना पोचायचं होतं ते आमच्याच लाइनीवरचं स्टेशन होतं. त्यानंतर रात्री मालगाडीचा आवाज आला की माय उठून बसायची.

मे महिन्यात नानांची थोरली बहीण गेली, पारोळा तालुक्यातल्या तिच्या गावी. आजार नव्हता, वय झालं होतं. आमच्याकडे बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. भावाने ते घेऊन जायचं असतं. अंत्यविधीला वीसच माणसं, असा नियम. नाना सत्तरीच्या पुढचे, त्यांना साखर. सगळ्यांनी समजावलं, त्यांनी ऐकलं. कापडाचं दुकान उघडं नव्हतं. मायने आपल्या पेटीतलं, आखाजीला ताईसाठी आणून ठेवलेलं हिरवं लुगडं काढून दिलं. हे मोटारसायकलवर गेले, वेशीवर आतेभावाच्या हातात लुगडं दिलं, लांबून हात जोडले आणि परत फिरले.

एरवी अशा वेळी द्वारदर्शनाला माणसं येतात. जवळची, लांबची, वीस वर्षं न बोललेलीसुद्धा. कुणी फार बोलत नाही. येतात, ओट्यावर बसतात, चहाही न घेता उठतात. लहानपणी मला ही रीत रिकामी वाटायची. आता नानांकडे पाहून समजलं की त्या बसण्यात काय असतं. गावातले चार-दोन म्हातारे तोंडाला रुमाल बांधून आले, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, नाना ओट्यावर. बहिणीबद्दल बोलायला नानांनी तोंड उघडलं की पलीकडच्याला ऐकू यायचं नाही, तो कानामागे हात न्यायचा, आणि नाना “काही नाही” म्हणून हात हलवायचे. दिवसभर फोन येत होते. फोनवर नाना सगळ्यांना तेच सांगायचे : वय झालं होतं, सुटली. बहीण लहानपणी त्यांना कडेवर घेऊन शेतात भाकरी न्यायची, हे त्यांनी फोनवर कुणाला सांगितलं नाही. ते त्यांनी जूनमध्ये सांगितलं, पेरणीच्या आधी, समोरच्या काकांना, ओट्यावर शेजारी बसून. मी दारात उभी राहून ऐकलं.

“घर भरेल शे, पन दारले कोनी येत नही,” असं माय त्या दिवसांत म्हणायची. आमच्या घराची दुरुस्ती, सणांचे हिशेब, खोल्यांची मांडणी, किती पापड लाटायचे, किती भांडी ठेवायची, हे सगळं येणाऱ्या माणसांकडे पाहून ठरलेलं आहे. पोटापुरतं घर नऊ जणांनाही पुरलं असतं आणि वर्षभर पुरलं असतं. माय मात्र त्यात सुकत चालली होती. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून एकत्र कुटुंबांनी टाळेबंदी मजेत काढली असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

जूनच्या पहिल्या पावसाआधी कापूस गेला. खोली झाडली. ताई तरीही येऊ शकली नाही.

श्रावणात कानबाई, खानदेशातल्या घराघरातली देवी, बसली, नागपंचमीनंतरच्या रविवारी, २६ जुलैला. कानबाईला सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, सुरत-पुणे-नाशिकहून. नैवेद्याच्या रोटांसाठी कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ काढतात. त्या वर्षी आलेले भाऊबंद बोटांवर मोजण्याइतके. मूठ कितीजणांची काढायची, यावर चर्चा झाली. कारण रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. नानांनी सगळ्यांच्या नावाच्या मुठी काढल्या, न आलेल्यांच्याही, नाव घेऊन. नंतर आम्ही ते रोट कितीतरी दिवस खात होतो, दुधात, गुळाबरोबर, भाजून. एकानेही कुरकुर केली नाही.

२० ऑगस्टला एसटी जिल्ह्याबाहेर सुटायला लागली आणि मी बेटावदला गेले. त्याबद्दल लिहायला लागले तर हा लेख संपायचा नाही.

पुढची आखाजी १४ मे २०२१ ची, दुसऱ्या लाटेतली. त्या लाटेत आमच्या गल्लीतली माणसं गेली. त्या दिवसांवर मी अजून लिहू शकत नाही.

२०२२ च्या सुरुवातीला कापसाचा भाव दहा हजारांवर गेला. इतका भाव नानांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो चढतच होता. गावात ज्याच्या घरात कापूस होता तो थांबला. आमची पाहुण्यांची खोलीही भरलेली होती. नानांनी महाशिवरात्रीच्या आत सगळा माल काढला. ह्यांनी समजावून पाहिलं, दिरांनी पुण्याहून फोन करून समजावलं. एप्रिलमध्ये भाव आणखी वर गेला तेव्हा ह्यांनी कागदावर आकडा मांडून नानांना दाखवला. नानांनी तो नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, आखाजी ३ मेला आहे, खोलीला चुना लावून घे.

ताई मुलींना घेऊन आली ती रात्रीच्या गाडीने, वेगळ्या दाराने. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका लाटणी घेऊन आल्या. पहिल्याच लाटीला ताई म्हणाली की सुरतेचं उडदाचं पीठ याहून बारीक असतं, आणि मायचं आणि तिचं तिथेच वाजलं. समोरच्या काकूंनी ताईची बाजू घेतली. हे आणि दीरही पोळपाट घेऊन त्या घोळक्यात बसले होते. दुपार कलली, पापड संपले, तरी पिठाचा वाद काही मिटला नव्हता.